वडगाव ते खडेबाजार, साडीवर सायकल

ताई, तुम्ही विचारलंय की बेळगावात वडगावहून खडेबाजारात कामावर जायला सायकल घ्यायची आहे, अंतर 3 ते साडेतीन किलोमीटर, साडी नेसूनच जायचं. मग गिअरची सायकल आणि वेगळे कपडे लागतील का, आणि घामाचं काय? माझं स्पष्ट मत: साधी लेडीज सायकल घ्या आणि आहे त्याच कपड्यांत निघा. एवढ्या अंतराला सायकलवीरांसारखी तयारी करायला लागलात तर आठवड्याभरात कंटाळाल.

सायकल घेताना तीन गोष्टी बघा. पुढची दांडी खाली वाकलेली, चेन पूर्ण झाकणारं कव्हर, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी. जाळी नसेल तर दुकानदाराकडून लावूनच घ्या, कारण चाकात जातो तो पदर. तो पाठीवरून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचायचा, निऱ्या नेहमीपेक्षा दोन बोटं वर. आत घेरदार परकर घाला. हल्ली साडीखाली ते घट्ट शेपवेअर घालतात, त्यात पॅडल मारताना गुडघा अडतो आणि पटकन पाय टेकवता येत नाही.

सीट दुकानातून येते ती बहुतेक वेळा फार खाली असते. बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारलंत की गुडघे दुखत नाहीत.

तुमच्या वाटेवर खरा चढ एकच, कपिलेश्वर उड्डाणपुलाचा. त्यासाठी गिअर कशाला? साध्या सायकलींना मागे सहसा 18 दातांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र असतं. मेस्त्रीला सांगून 20 किंवा 22 दातांचं बसवून घ्या. फार तर चेनची एखादी कडी वाढवावी लागेल. वेग थोडा कमी होतो, पण चढ हलका होतो. तरी दम लागला तर उतरून चालत चढा की, त्यात कमीपणा कसला!

घामाचं असं आहे की चालवताना वारा तो वाळवत असतो, थांबल्यावर तो एकदम फुटतो. म्हणून पुलावरून शनि मंदिराकडे उतरलात की पुढे अगदी सावकाश जा, आणि पोचल्यावर पाच मिनिटं सावलीत उभ्या राहून मग आत शिरा. पिशवी पाठीवर नको, पाठ ओली होते. बास्केटमध्ये किंवा कॅरियरला बांधा. ताशी 12 किलोमीटरच्या चालीनेही तुम्ही 15-20 मिनिटांत पोचता. धापा टाकत जाऊन त्यातली चार मिनिटं वाचली तरी काय मिळणार?

आता पाऊस, आणि बेळगावचा पाऊस म्हणजे जूनपासून हात धुऊन मागे लागणारा. सायकल चालवताना एका हातात छत्री धरायची नाही, म्हणजे नाही. अंगभर बंद रेनकोटात आतून घाम येतो, त्यापेक्षा डोक्यातून घालायचा, खाली मोकळा असलेला घ्या. मात्र त्याचे काठ मांडीखाली दाबून बसा. लोखंडी रिमवर पाणी असलं की ब्रेकचे रबर घसरतात, नेहमीपेक्षा बरंच आधी दाबायला लागतात. जमलं तर ॲल्युमिनियमची रिमच मागा, ओल्यात ती कितीतरी चांगली धरते. आणि टिळकवाडीत कुणाकडे जायचं झालं तर दुसऱ्या रेल्वे गेटजवळ रूळ सरळ काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर पुढचं चाक रुळालगतच्या फटीत बसतं, आणि ओला रूळ तर साबणासारखा निसटता.

हवा आठवड्यातून एकदा भरा. किती भरायची ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं. मागे लाल रिफ्लेक्टर हवाच, संध्याकाळी उशीर होत असेल तर दिवाही.

शनिवारी बाजारादिवशी मात्र खडेबाजारात सायकलवर बसून शिरू नका. गर्दी लागली की उतरा आणि हातात धरून चालत जा. बाजारातल्या बायकांच्या पिशव्या हँडलला अडकतात.

पहिल्यांदा एखाद्या रविवारी सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, हीच साडी नेसून पुलापर्यंत जाऊन या. निऱ्या कुठे अडल्या, सीट कशी वाटली ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.