लेस्टरला यावं की माहेरीच बाळंत व्हावं?

ताई म्हणालीस, म्हणून सरळ 'तू' म्हणते. मला समजलं ते असं: तुला अठरावा आठवडा चालू आहे, नवऱ्याला इंग्लंडात, लेस्टरमध्ये नोकरी लागली आहे, दोघांचे व्हिसाचे कागद एकत्रच चाललेत, आणि नाशिकला घरचे म्हणतायत की बाळंतपण उरकूनच जा. त्यात कुणीतरी तुझ्या कानावर घातलं की कोरोनात तिकडे बायका एकट्या बाळंत झाल्या. पुन्हा तशी साथ आली तर मला ते झेपेल का, असं तू विचारलंस. घरभाडं आणि शाळा सगळेच विचारतात. हे फारसं कुणी विचारत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

'एकट्या बाळंत झाल्या' हे अर्धं खरं आहे. मला इथे लेस्टरलाच २०२० च्या फेब्रुवारीत दिवस गेले. १६ मार्चला इथल्या सरकारने गरोदर बायकांना विशेष जपायच्या लोकांमध्ये धरलं आणि २३ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली. माझी पहिली नोंदणी फोनवर झाली. वीस आठवड्यांच्या स्कॅनला मी आत एकटी होते, नवरा गाडीत बसून होता, व्हिडिओ कॉलही चालणार नाही असं सांगितलं. बहुतेक रुग्णालयांत तेव्हा सोबतीच्या माणसाला कळा नीट सुरू झाल्यावरच आत घेत, आणि बाळ झाल्यावर थोड्या वेळात घरी पाठवत. म्हणजे प्रत्यक्ष जन्माच्या वेळी बहुतेकींचा माणूस हजर होता. त्याच्या आधीचे आणि नंतरचे तास मात्र एकटीने काढायचे. मला कळा आणण्यासाठी दाखल केलं होतं, त्यामुळे आधीचे तास फारच लांबले. शेजारच्या पडद्याआड कोणीतरी रात्रभर मुसमुसत होती, आणि नर्सच्याही तोंडावर मास्क असल्यामुळे समोरचं माणूस हसतंय की वैतागलंय, हेच कळायचं नाही.

४ जुलैला पब उघडले, पण स्कॅनला नवरा चालत नव्हता. त्यावर इथल्या बायका भडकल्या, 'बट नॉट मॅटर्निटी' (म्हणजे 'पण बाळंतपणाला नाही') नावाची मोहीमच झाली. शेवटी १४ डिसेंबर २०२० ला एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, रुग्णालयांना कळवलं की गरोदर बाईसोबत तिचं माणूस प्रत्येक टप्प्यावर असू द्या. मी नोव्हेंबरातच मोकळी झाले होते, त्यामुळे मला त्याचा उपयोग नव्हता. पण तुझ्या प्रश्नापुरतं ते महत्त्वाचं आहे. बाळंतिणीला एकटं ठेवल्याने काय होतं हे या व्यवस्थेने एकदा पाहिलंय, आणि त्यावर आरडाओरडा करायची इथल्या बायकांना सवय झालीय.

लेस्टरची गोष्ट आणखी वेगळी. २०२० च्या जूनअखेरीस एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. २७ तारखेला एनएचएसने सांगितलं की कोरोना होऊन रुग्णालयात दाखल व्हायची शक्यता आशियाई वंशाच्या गरोदर बायकांत गोऱ्या बायकांच्या चौपट आणि कृष्णवर्णीय बायकांत आठपट आहे, तेव्हा सुईणींनी त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं. आणि २९ ला जाहीर झालं की बाकी इंग्लंड उघडेल, पण लेस्टर बंद राहील. देशातली पहिली स्थानिक टाळेबंदी आमच्या वाट्याला आली. हेतू चांगला होता, मान्य. पण बावीस आठवड्यांच्या बाईने 'चौपट' हा शब्द ऐकला की तिला त्यामागचं गणित दिसत नाही. मूळ धोका किती लहान होता, हे त्या मथळ्यात नव्हतं. मी त्यानंतर बातम्या संध्याकाळी एकदाच बघायचं ठरवलं, आणि गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांना गप्प केलं. सगळ्यांत जास्त घबराट तिथूनच यायची. कुणाची वहिनी, कुणाचा मेव्हणा, कुणाचा काढा.

हे माझ्या एकटीचं नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये कॅनडात १,९८७ गर्भवतींची पाहणी झाली, त्यांत ३७ टक्के जणींमध्ये नैराश्याची आणि ५७ टक्के जणींमध्ये चिंतेची दखल घ्यावी अशी लक्षणं दिसली. ज्यांना माणसांचा आधार वाटत होता आणि ज्या थोडंफार चालत-फिरत होत्या, त्यांच्यात हे प्रमाण कमी होतं. वाचायला साधं वाटतं. पण परदेशात नव्या आलेल्या बाईकडे नेमकी माणसंच नसतात. रोगाची भीती दोन-तीन महिन्यांत बोथट होते, तिची सवय होते. माणसांची उणीव बोथट होत नाही, आणि ती साथीमुळेच येते असंही नाही. तू पुढच्या महिन्यात आलीस, साथबिथ काही नसली, तरी सातव्या महिन्यात दुपारी दोन वाजता घरात तू एकटीच असशील. तेव्हा साथ येईल का, हा प्रश्न बाजूला ठेव आणि तुझ्याजवळ कोण असेल ते आधी बघ.

नवऱ्यापासून सुरुवात कर. बाळ झाल्यावर बापाला इथे दोन आठवड्यांची रजा असते, पण तिचे कायद्याने ठरलेले पैसे मिळायला त्या नोकरीत बाळंतपणाच्या अपेक्षित आठवड्याच्या पंधरा आठवडे आधीपर्यंत सलग २६ आठवडे भरलेले लागतात. तुझ्या नवऱ्याचे ते भरणार नाहीत. त्याने रुजू व्हायच्या आधीच कंपनीला लेखी विचारावं: रजा किती, पगार किती, घरून काम किती दिवस चालेल. बाळंतपणानंतरचे पहिले पंधरा दिवस तो घरी नसणार असेल, तर माझं स्पष्ट मत, घरचे म्हणतायत तेच बरोबर आहे. माहेरी बाळंत हो, बाळ चार-पाच महिन्यांचं झाल्यावर ये.

मग आई. माझी आई साताऱ्याहून यायची होती. डिंक आणि अळीव आणून ठेवले होते, तेवढ्यात भारताने विमानं थांबवली आणि तिथलं इंग्लंडच्या व्हिसाचं केंद्रही बंद झालं. पुढे वाट थोडी उघडली, तेव्हा तिला त्या गर्दीत विमानात बसवायचा धीर आम्हाला झाला नाही. शेवटी २०२१ च्या शरद ऋतूत ती आली, तेव्हा बाळ वर्षाचं व्हायला आलं होतं. तुझ्या आईला पर्यटक व्हिसावर एका खेपेला सहा महिने राहता येतं. तारखेच्या फार आधी बोलावू नकोस. दोन आठवडे आधी पुरे, म्हणजे खरी गरज असते ते महिने हातात राहतात. तिचा वैद्यकीय विमा मात्र न विसरता काढ, एनएचएसची रुग्णालयं पाहुण्यांना बिल लावतात. सासूबाई आणि आई दोघी एकदम नकोत, एकीमागून एक येऊ देत. यावर जास्त बोलत नाही, तू समजून घेशील.

पण आई येऊच शकली नाही तर? तेव्हा माझ्या उपयोगी पडल्या त्या शेजारच्या गुजराती मासी. त्यांच्याशी माझी आधी फक्त मान हलवण्यापुरती ओळख होती. त्या दारात डबा ठेवून बेल वाजवून मागे सरकायच्या. त्यांच्याकडे बाळंतिणीला 'काटलू' देतात, सुंठ-डिंक-मसाल्यांचं, आपल्या लाडवांपेक्षा जरा उग्र. पाच मिनिटं सहा फुटांवरून बोलायच्या, तेही गुजरातीत, आणि मला त्यातलं अर्धंच कळायचं. उलट झूमवर माझं डोहाळजेवण झालं, पडद्यावर सगळं गणगोत, फुलांच्या वाड्या, ओटी वगैरे. सगळ्यांनी 'काळजी घे' म्हटलं आणि लॅपटॉप मिटल्यावर मला जास्तच भकास वाटलं. फोनवरची माणसं हवीतच, पण एक तरी माणूस तुझ्या दारापर्यंत चालत येऊ शकेल असं हवं. लेस्टरमध्ये त्या बाबतीत तू नशीबवान आहेस. बेलग्रेव्ह रोडला मेथी, कढीपत्ता, डिंक सगळं मिळतं, आणि 'केटलामो महिनो?' असं विचारणाऱ्या बायकाही भेटतात. लाजू नकोस, नंबर घे.

आता इथली व्यवस्था. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज, म्हणजे आरोग्यसेवेचा आकार, भरावा लागतो, फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे. तो भरला की बाळंतपणाचा वेगळा खर्च नाही. इथे डॉक्टर फार कमी भेटतात, सगळं मिडवाइफ, म्हणजे सुईण, बघते. आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, नाव घाल, आणि त्याची वाट न बघता रुग्णालयाच्या प्रसूती विभागाकडे थेट नोंदणी कर, ते चालतं. भारतातली फाइल, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट हातातल्या सामानात ठेव. विमानाचं म्हणशील तर अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात, आणि छत्तीसनंतर सहसा घेत नाहीत. यायचंच असेल तर अठ्ठावीसच्या आत ये.

मिडवाइफ पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारते: गेल्या महिन्यात उदास, निराश वाटत राहिलं का, आणि कशात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का. आपल्याकडच्या बायका ठरलेलं उत्तर देतात: नाही, मी ठीक आहे. का, तर व्हिसावर काही परिणाम होईल, किंवा 'ही आई म्हणून बरोबर नाही' असं कुठेतरी लिहून ठेवतील आणि बाळ नेतील. व्हिसाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि उदास वाटतं म्हटलं की लगेच बाळ नेत नाहीत, मदत पाठवतात. मी पुढे फोनवरच्या एका अनोळखी मिडवाइफला सांगितलं की मी पहाटे तीनला उठून बाळाची हालचाल मोजत बसते आणि मग झोप येत नाही. ती म्हणाली, हालचाल कमी वाटली तर मोजत बसू नकोस, कितीही वाजले असोत, सरळ प्रसूती विभागाला फोन कर. आणि झोपेसाठी समुपदेशनाला नाव घालून दिलं. ही सेवा एनएचएसमध्ये मोफत आहे, स्वतःही नाव नोंदवता येतं, गरोदर आणि बाळंतिणींना लवकर घेतात. माझं सगळं फोनवर झालं. जादू काही झाली नाही, पण रात्री डोक्यात फिरणाऱ्या गोष्टी दुपारी कागदावर लिहायची सवय लागली, आणि झोप परत आली.

इंग्रजीत मनातलं बोलता येत नसेल तर दुभाषी माग, तोही मोफत असतो. नवऱ्याला दुभाषी करू नकोस. त्याच्यासमोर तू अर्धंच सांगशील.

बाळ झाल्यावर दहा ते चौदा दिवसांत हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ-बाळंतिणीला बघणारी नर्स, घरी येते, आणि सहा ते आठ आठवड्यांनी जीपी बघतो. तेव्हा कदाचित दहा प्रश्नांचा एक कागद देतील. तो एडिंबरामधला, १९८७ सालचा, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीचा. खरं खरं भर. पहिले काही दिवस रडू येतंच, त्यात नवल नाही. पण दोन आठवडे उलटले तरी तसंच चाललं, बाळ झोपलेलं असताना सुद्धा तुला झोप येत नाही, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करायचे विचार आले, तर थांबायचं नाही. इंग्लंडमध्ये १११ ला फोन करून २ दाबलं की मानसिक संकटाची सेवा चोवीस तास मिळते. जीवावर बेतत असेल तर ९९९. आणि बाळंतीण एकाएकी भ्रमात बोलू लागली, अजिबात न झोपता भलत्याच उत्साहात आली, तर ते तातडीचं आहे, घरच्यांनी दृष्ट काढत बसू नये. हा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखव, कारण तेव्हा फोन त्यालाच करावा लागेल.

निघेपर्यंत भारतातच मन फार बेचैन झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नव्हती. साथीत मला सर्वांत वाईट काळ गेला तो बाळंतपणानंतर, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये. इकडे सगळं मोकळं होत होतं. डिसेंबरपासून वर्षाच्या आतलं बाळ असलेल्या घराला आणखी एका घराशी जोडून राहायची परवानगी होती, मासी आत येऊन बाळाला घेत होत्या. आणि तिकडे साताऱ्यात ऑक्सिजनसाठी धावाधाव. २३ एप्रिलला भारत इथल्या लाल यादीत, म्हणजे प्रवासावर कडक निर्बंध असलेल्या देशांत, गेला. मी गेले असते तर परतताना सरकारने ठरवलेल्या हॉटेलात दहा दिवस, एका माणसाचे १,७५० पौंड, तेही सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन. बाबाही त्यात आजारी पडले, पण घरीच बरे झाले. ते तीन आठवडे मी बाळाला पाजताना एका हातात फोन धरून असायचे. पुन्हा साथ आली तर तुला याच टोकाची तयारी जास्त लागेल. तू इथे सुरक्षित आणि आईवडील तिथे, अशी. त्यासाठी निघण्याआधी नाशिकला एक जवळचं माणूस नेमून ठेव, भाऊ, मामेबहीण, कुणीही, जो त्यांची औषधं आणि डॉक्टर बघेल आणि तुला रोज एकदाच, ठरलेल्या वेळी, खरं सांगेल. 'तुला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही' हे वाक्य घरात बंद करून टाक. बाबांचा ताप मला चार दिवस उशिरा कळला होता, आणि त्यानंतर आईचा प्रत्येक 'सगळं ठीक आहे' मला खोटा वाटायचा.

नवऱ्याच्या रजेचं उत्तर आलं की मला कळव. यायचं की राहायचं, हे त्यावरच ठरवू. तोवर तिकीट काढू नका.