गच्चीवर दहा जण आणि चार हजार रुपये

प्रश्न : ताई, ३१ डिसेंबरला आमच्या विजापूर रोडच्या घरी गच्चीवर हुरडा आणि जेवण ठेवलंय. आम्ही दहा मोठी माणसं, बजेट ४,००० रुपये. बाराच्या ठोक्याला फेसाळणारी बाटली उघडायची सगळ्यांना हौस आहे. भाऊजी म्हणतात, परदेशीच आणा. दुकानात लेबलं बघून मी गोंधळते. काय घेऊ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाऊजींना अकलूजचं नाव सांगा. इटली, दिल्ली आणि अकलूज अशा तीन घरच्या भावांनी मिळून उभी केलेली ‘फ्रातेल्ली’ ही वाइन कंपनी आपल्याच जिल्ह्यातली. या इटालियन शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. इटलीतल्या टस्कनीची सांजोवेझे जातीची द्राक्षं आपल्या मातीत, आपल्या उन्हात पिकतात याचा मला फार अभिमान वाटतो. माझ्या वडिलांची पंढरपूरकडे द्राक्षबाग होती, पण ती खायच्या द्राक्षांची. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं असतं. परदेशी बाटलीच्या किमतीतला बराच पैसा आयात शुल्क आणि वाहतुकीत जातो. चार हजारांत तो हिशेब बसत नाही.

फेसाळणारी वाइन महाग का, तर चांगल्या बाटलीत दुसरं आंबवणं त्या बाटलीतच होतं आणि त्यातून निघणारा वायू आतच कोंडून राहतो. नाशिकची सुला आणि दिंडोरीची शाँदों यांच्या ब्रूट अशाच बनतात. लेबलावर ‘ब्रूट’ दिसलं तर साखर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चव कोरडी. ‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाला ड्राय, पण ब्रूटपेक्षा किंचित गोड असते. पहिल्यांदाच पिणारी मंडळी जास्त असतील तर त्याहून गोड ‘डेमी सेक’ बघा.

आता हिशेब. ७५० मिलीच्या बाटलीतून ७५ मिलीचे दहा घोट निघतात. म्हणजे बारा वाजता सगळ्यांसाठी एकच फेसाळणारी बाटली पुरते. उरलेल्या पैशांतून जेवणासाठी साध्या वाइनच्या दोन-तीन बाटल्या घ्या. त्यात शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन जरूर घ्या, जरा गोडसर असेल अशी. हुरड्याबरोबर शेंगाची चटणी येणारच. तिखटावर कडक तुरट रेड घेतली की जीभ अजूनच भाजते, गोडसर गार व्हाइट ती निववते. रेड हवीच असेल तर हलकी घ्या आणि आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

दुकानात एक गोष्ट मात्र नक्की बघा. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानाच्या काचेतून, उन्हात उभी असलेली व्हाइट वाइन घेतली. रंग गडद झालेला, वास शिळ्या सफरचंदाचा. पाहुण्यांसमोर ओतून टाकावी लागली, अजून वाईट वाटतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात उन्हात काढलेली बाटली परत ताजी होत नाही. दुकानदाराला आतली, सावलीतली बाटली मागा. लेबलावर साल असेल तर व्हाइट ताज्यातली ताजी घ्या.

गार करायला नुसता बर्फ नको. बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घाला. अर्ध्या तासात बाटली छान गार होते. फेसाळणारीला ६ ते ८ अंश चांगले. उघडताना हलवू नका. आत मोटारीच्या टायरच्या दुप्पट दाब असतो, त्यामुळे बुचावरची तार सोडवल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरा, तोंड कुणाकडेही नको, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. हलकासा सुस्कारा आला की झालं. हे काम भाऊजींना द्या, पण गाडी चालवून परत जाणार असतील तर त्यांच्या ग्लासात उसाचा रस.

साधी वाइन उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चालते. फेसाळणारी मात्र त्याच रात्री संपवा.