व्याही दिवाळीला येणार, ताटात काय वाढायचं?

दसरा सरला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. सून किंवा जावई वेगळ्या प्रांतातले, सण एकच, मग स्वयंपाक कुणाच्या रीतीनं करायचा? त्यातलीच ही एक केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सासूबाई कोल्हापुरात राजारामपुरीतल्या, सून कोलकात्याची. लग्नानंतरची पहिली दिवाळी, आणि सुनेचे आईवडील मुक्कामाला येणार. मुलानं आईला सांगितलं, "त्यांच्यात त्या रात्री मटण असतंय." बायकोला सांगितलं, "आईला चालणार नाही." झालं! दोघींचं बोलणं 'चहा ठेवू का'पुरतं उरलं.

"मॅडम, मटणाचं आम्हाला काय वावडं वो? कोल्हापूरची माणसं आम्ही," सासूबाई म्हणाल्या. "पण लक्ष्मीपूजनाला? अंबाबाईच्या गावात?"

सून शांतपणे सांगत होती. बंगालमध्ये बहुतेक घरांतली लक्ष्मीपूजा कोजागरीलाच होऊन जाते. दिवाळीच्या अमावास्येला रात्री कालीपूजा. काही घरांत तेव्हा देवीला मटणाचा नैवेद्य असतो, तोही कांदा-लसणाशिवाय. आलं, जिरं, हिंग एवढंच.

"कांदा-लसणाशिवाय मटण?" सासूबाई धक्क्यानं माझ्याकडे बघायला लागल्या. सून हसली, मग त्याही.

मी सासूबाईंना विचारलं, "तुमच्या माहेरच्या म्हाईला, म्हणजे गावच्या जत्रेला, बोकड कुणाला दाखवता?"

"देवीलाच की."

यावर त्या जरा थांबल्या. देवीला मटण चालतं, हे त्यांना काही नवीन नव्हतं. अडचण होती ती दिवसाची.

मग दोघींना एकेक कागद दिला. 'जे नसलं तर दिवाळी झाल्यासारखी वाटत नाही, तेवढंच लिहा.' सासूबाईंनी लिहिलं, लक्ष्मीपूजनाची पुरणपोळी. सुनेनं लिहिलं, कालीपूजेच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे खातात त्या चौदा पालेभाज्या आणि भाऊबीज. तिच्या कागदावर मटण नव्हतंच! "ते बाबांना लागतं. मला एवढंच वाटतं, की आईला ताटात एक तरी ओळखीची गोष्ट दिसावी." सासूबाईंनाही लागलं होतं ते वेगळंच. आपल्या घरात काय शिजणार हे आपल्याला न विचारता ठरलं, असं त्यांना वाटत होतं. दोघींपैकी कुणीच हे एकमेकींना सांगितलं नव्हतं, कारण सगळे निरोप मुलामार्फत जात होते. मुलगा भला आहे, पण असा भला मुलगाच बऱ्याचदा घरातली भांडणं लांबवतो, हे माझं स्पष्ट मत. त्याला मी निरोप्याच्या कामावरून काढलं. विहिणीला फोन सासूबाईंनीच करायचा, हिंदी मोडकीतोडकी असली तरी.

एकाच ताटात दोन्ही घरचं अर्धं-अर्धं कोंबू नका, असंही सांगितलं. त्यानं दोघांनाही आपलं काही उरलं नाही असं वाटतं. त्यापेक्षा सणाचे दिवस वाटून घ्यावेत. लक्ष्मीपूजन सासूबाईंचं, त्यात काडीचा बदल नाही. आदल्या दिवशी दोघी कपिलतीर्थ मंडईत गेल्या. मेथी, शेपू, चाकवत, पोकळा, तांदळी, अंबाडी... चौदा काही भरेनात. शेवटी भाजीवालीनंच मुळ्याचा पाला फुकट घातला आणि म्हणाली, "हा धरा की मोजायला!"

मटण भाऊबीजेला. बंगाल्यांचीही भाऊबीज त्याच दिवशी असते, बहीण करंगळीनं भावाला चंदनाचा टिळा लावते. दोन पातेली चढली. व्याह्यांनी पांढरा रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेतला, तांबड्याला मात्र हात लावला नाही. ते सासऱ्यांना जरा लागलंच. लागू दे. सगळ्यांना सगळं आवडलंच पाहिजे, असा हट्ट मी कुणाला धरू देत नाही.

परवा मुलाचा फोन आला. ज्येष्ठात जमाईषष्ठी असते, तेव्हा बंगाली सासूबाई जावयाला बोलावून पंचपक्वान्नं करतात. त्याला आमंत्रण आलंय आणि ताटात मासा असणार. "मॅडम, मला काटे काढायला जमत नाही. हिला सांगू का आईला कळवायला?"

म्हटलं, "सासूबाईंचा नंबर तुमच्याकडे आहे ना? तुम्हीच लावा."