अमेरिकेतला सार्वजनिक रेडिओ खरंच डावीकडे झुकलेला आहे का? मग त्याचा सरकारी निधी बंद झाला ते योग्यच झालं ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, बऱ्याच अंशी. दुसऱ्याचं उत्तर नाही, आणि ते का ते जरा सविस्तर सांगते. मी बारा वर्षं ओहायोत राहते, कामावर जाता-येता रोज एनपीआर (नॅशनल पब्लिक रेडिओ) ऐकते आणि दर महिन्याला आमच्या इथल्या केंद्राला थोडी वर्गणी देते.

आधी रचना समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो. सार्वजनिक रेडिओ म्हटलं की आपल्याला आकाशवाणी आठवते: सरकारचंच केंद्र, सरकारचेच कर्मचारी. इथे तसं नाही. १९६७ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने कायदा झाला आणि सीपीबी नावाचं महामंडळ निघालं. त्याचं काम संसदेने दिलेले पैसे देशभरातल्या केंद्रांना वाटण्याचं होतं. ही केंद्रं स्वतंत्र आहेत. कुठलं विद्यापीठाचं, कुठलं गावातल्या संस्थेचं, कुठलं मूलनिवासी जमातीचं. एनपीआर या केंद्रांना बातम्या आणि कार्यक्रम पुरवते, आणि केंद्रं त्याचे पैसे मोजतात. एनपीआरला सरकारकडून थेट मिळणारी रक्कम तिच्या उत्पन्नाच्या जेमतेम १ टक्का होती. छोट्या केंद्रांचं गणित मात्र वेगळं होतं. त्याकडे येतेच.

आता झुकावाबद्दल. एप्रिल २०२४ मध्ये उरी बर्लिनर या एनपीआरच्या ज्येष्ठ संपादकांनी, तिथे २५ वर्षं काढल्यावर, एक लेख लिहून आपल्याच संस्थेवर टीका केली. त्यांनी दिलेले आकडे असे: २०११ मध्ये श्रोत्यांपैकी २६ टक्के लोक स्वतःला रूढीप्रिय विचारांचे म्हणवत, २०२३ मध्ये ते ११ टक्क्यांवर आले आणि उदारमतवादी ३७ वरून ६७ टक्क्यांवर गेले. वॉशिंग्टनच्या वृत्तविभागात ८७ नोंदणीकृत डेमोक्रॅट आणि एकही रिपब्लिकन नाही, असंही त्यांनी लिहिलं. या मोजणीवर आक्षेप आले. निवेदक स्टीव्ह इन्स्कीप यांनी लिहिलं की मतदार म्हणून आपली नोंद कुठल्याच पक्षात नाही. बर्लिनर यांना पाच दिवस निलंबित केलं गेलं आणि मग त्यांनी राजीनामा दिला.

एकेका आकड्यावर वाद घालता येईल, पण एक श्रोता म्हणून मला त्यांचं मूळ म्हणणं पटलं. माझे शेजारी दर रविवारी चर्चला जाणारे, ट्रम्पना मत देणारे, आणि माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजर असणारे. रेडिओवर त्यांच्यासारख्यांबद्दल पुष्कळ बोललं जातं. ते स्वतः काय म्हणतात, हे त्यांच्या सुरात, सविस्तर, क्वचितच ऐकू येतं.

मात्र हीच तक्रार दुसऱ्या बाजूनेही झाली आहे, आणि त्याआधी नऊ वर्षं. २०१५ मध्ये चेंजराई कुमानयिका या कृष्णवर्णीय प्राध्यापकांनी लिहिलं की रेडिओसाठी निवेदन लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज उमटत नव्हता, सार्वजनिक रेडिओवरचा ठरावीक गोरा आवाज उमटत होता. तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. मला बर्लिनर आणि कुमानयिका यांचे लेख एकमेकांच्या विरोधातले वाटत नाहीत. महानगरातल्या, शिकलेल्या, वर्गणी देऊ शकणाऱ्या वर्गाची बोली हीच देशाची बोली धरली गेली, हे दोघांनाही खटकलं होतं. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर एनपीआरने वंशविविधतेवर जोर दिला, ते गरजेचंच होतं. पण तोच कान गावांकडे, धार्मिक माणसांकडे तितका वळला नाही.

आणि या आजारावर औषध काय दिलं? १ मे २०२५ रोजी ट्रम्प यांनी एनपीआर आणि पीबीएस (सार्वजनिक दूरचित्रवाणी) यांचा पैसा थांबवण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध एनपीआरबरोबर कोलोराडोतली तीन केंद्रं कोर्टात गेली. त्यातलं केएसयूटी हे सदर्न यूट या मूलनिवासी जमातीने सुरू केलेलं. मग जुलैत संसदेने सीपीबीचे पुढच्या दोन वर्षांचे आधीच मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले. दोन वर्षं आधी पैसे मंजूर करण्याची ही पद्धत राजकारणाचा दबाव येऊ नये म्हणूनच होती. सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ मतं पडली. ही चर्चा चालू असतानाच १६ जुलैला अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा निघाला. असे इशारे किनाऱ्यावरच्या गावांपर्यंत पोचवण्यात तिथली छोटी सार्वजनिक केंद्रं मोठा वाटा उचलतात. अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी हेच सांगत विरोधात मत दिलं. १ ऑगस्टला सीपीबीने काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

एनपीआरला याची झळ बसली, पण ती उभी आहे. मोठ्या शहरांत देणगीदार आहेत. आता अलास्काच्या बेथेल गावातलं केवायूके बघा. १९७१ पासून चालू, इंग्रजीबरोबर युपिक या तिथल्या मूलनिवासींच्या भाषेत बातम्या देणारं. बाहेरून रस्ता नसलेल्या, विमानाने किंवा नदीतूनच पोचता येणाऱ्या गावांसाठीचं केंद्र. त्याच्या उत्पन्नाचा सुमारे ७० टक्के भाग सीपीबीकडून यायचा. तिथल्या मासेमारी-शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबांकडून किती वर्गणी गोळा होणार? वॉशिंग्टनमध्ये कोण कुठल्या पक्षाचा, याच्याशी त्यांचा काय संबंध?

निधी गेल्यानंतर अडीच-तीन महिन्यांतच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, हालोंग वादळाचा उरलेला जोर त्याच भागावर आला. किपनुक आणि क्विगिलिंगोक या गावांतली घरं पाण्याबरोबर वाहत गेली आणि शेकडो माणसांना विमानाने हलवावं लागलं. त्या दिवसांत केवायूके लोकांना युपिक आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत माहिती देत होतं.

तेव्हापासून माझी निम्मी वर्गणी मी बेथेलला पाठवते. उरलेली निम्मी अजून आमच्या केंद्राला जाते, आणि त्याबरोबर दर वेळी त्यांना एक पत्रही जातं: माझ्या शेजाऱ्यांसारख्या माणसांना स्टुडिओत बोलवा आणि त्यांना मधेच न तोडता बोलू द्या.