व्यायाम टिकत नाही म्हणणाऱ्या ताईंना: आधी गेटची किल्ली कोणाकडे आहे ते बघा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वय ४१, अमळनेरला शाळेत कारकून, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या बॉर्डरवर, डॉक्टर म्हणतात चाला. जिमची वर्षाची फी भरून महिन्यात सोडलं, मग चालणं सुरू केलं तेही दोनदा सुटलं. आणि शेवटी प्रश्न: "माझ्यात मोटिव्हेशनच नाही, मी मुळातच आळशी आहे का?"

पण मधे एक वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंय. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली, मैदानाचं गेट सातला उघडतं, म्हणून चालणं बंद पडलं. त्यावर एक ओळ, आणि स्वतःला बोल लावायला दहा ओळी! वो माय, हे मी जगलेय. चार महिने जी बाई रोज सकाळी मैदानावर जात होती ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात अचानक आळशी होत नाही. गेट बंद होतं एवढंच झालं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. जळगावात एका कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करते, म्हणजे मार्च ते सप्टेंबर खुर्चीला चिकटलेली. खाली लिहिलंय ते माझ्या अनुभवातून आणि थोडं वाचनातून. कोणाचं मत वेगळं असेल तर खुशाल लिहा. बूट कोणते, पाणी किती, वॉर्मअप कसा, हे सोडून देते. ते सगळीकडे मिळतं.

आमच्या कॉलनीजवळ एक मोकळं मैदान होतं. खड्डे होते, कडेला गाजरगवत होतं, पण कुंपण नव्हतं. आम्ही पाचसहा बायका पाचला जायचो, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. मग निधी आला. भिंत झाली, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक झाला, ओपन जिमची निळीपिवळी मशीनं आली, उद्घाटन झालं, फोटो निघाले. आणि गेटला कुलूप. वर पाटी: सकाळी ७ ते ९, सायंकाळी ५ ते ७. जळगावचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. मे महिन्यात सहाच्या आत सूर्य वर येतो, सातला ऊन टोचायला लागतं आणि संध्याकाळी पाचला पारा चाळिशीच्या वरच असतो. थोडक्यात, माणूस चालू शकेल ती वेळ वगळून उरलेल्या वेळात मैदान उघडं.

मी अर्ज घेऊन गेले. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पहिल्या टेबलावर सांगितलं, मैदान बांधकामकडे. बांधकामवाले म्हणाले, आमचं काम पूर्ण, बिल निघालं, आता उद्यानकडे जा. उद्यानवाले म्हणाले, आम्ही अजून ताबाच घेतलेला नाही. साहेब कधी मीटिंगला, कधी नाशिकला, कधी "आत्ताच गेले". अर्जावर आवकचा शिक्का मात्र पहिल्याच दिवशी मिळाला, तेवढंच काम तिथे चटकन होतं. वॉचमन बिचारा भला माणूस. म्हणायचा, "मावशी, मी चारलाच उठतो, पण लेखी ऑर्डर आणा, नाहीतर माझी नोकरी जाईल." त्याचं काय चुकलं?

शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. हे नीट वाचा, कारण तुम्हालाही लागेल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकाच अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्रात दीडशे शब्दांची मर्यादा. "गेट सातला का उघडता?" असं विचारू नका. 'का'ला उत्तर मिळत नाही, कागद मागितला तर द्यावा लागतो. मी विचारलं: या वेळा ज्या ठरावाने किंवा आदेशाने ठरल्या त्याची प्रत द्यावी. मुदत तीस दिवसांची असते. ती उलटून गेल्यावर उत्तर आलं: "सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही."

म्हणजे आदेशच नव्हता! पेंटरला कोणीतरी सांगितलं, त्याने पाटी रंगवली, आणि त्या पाटीपुढे आम्ही सगळ्या गप्प. मी अपील केलं, वेळ बदलली, पाटीवर आता ५ आहे. पण तोवर उन्हाळा सरून पाऊस सुरू झाला होता. त्या मधल्या काळात आमचा बायकांचा घोळका फुटला. एकीची सून बाळंत झाली, एक मुलाकडे पुण्याला गेली, बाकीच्यांची सवय मोडली. माझी साखर बॉर्डरवर होती ती पलीकडे गेली आणि गोळी सुरू झाली. केवळ गेटमुळे गेली असं म्हणणार नाही, वय आहे, आईला मधुमेह होता. पण राग येतो तो येतोच. आणि जास्त राग याचा की ते सगळे महिने मी घरी बसून स्वतःलाच म्हणत होते, "तुझ्यात जिद्द नाही." जिद्दीचा प्रश्नच नव्हता.

म्हणून माझं मत, थोडं टोकाचं वाटलं तरी चालेल: ज्या व्यायामाची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे तो मुख्य व्यायाम ठेवू नका. मैदान, जिम, झुंबाचा क्लास, अगदी मैत्रीणसुद्धा. असलं तर उत्तम, नसलं तरी त्या दिवशी काहीतरी होईल असा एक प्रकार घरात, किंवा घर ते शाळा या वाटेवर हवा. माझा प्रकार साधा आहे. रात्री जेवण झालं की ओटा आवरायच्या आधी पंधरा मिनिटं गल्लीत चालते. आवरल्यावर नाही. आवरल्यावर अंथरूण दिसतं. जेवणानंतर चाललं की साखर एकदम चढत नाही, हे तुमच्या डॉक्टरांनीही सांगितलं असेल. (इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील त्यांनी आधी विचारून घ्या, चक्कर येऊ शकते. तुम्हाला गोळी नाही, त्यामुळे हे इतर वाचणाऱ्यांसाठी.)

पंधरा मिनिटांनी काय होणार, असं वाटत असेल तर ऐका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि किमान सलग दहा मिनिटं तरी चाललंच पाहिजे ही जुनी अट त्यांनी २०२० मध्ये काढून टाकली. तुकडे चालतात. मध्यम म्हणजे काय? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे. आणि ६.१ म्हणजे गाडी अजून आपल्याच फलाटावर आहे. चेन्नईत आपल्याच देशातल्या बॉर्डरवरच्या लोकांवर अभ्यास झाला होता, २००६ साली छापून आला. रोज अर्धा तास चालणं आणि खाण्यात बदल, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. गोळीशिवाय.

दहा हजार पावलांचं भूत मात्र उतरवा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना आला, कुठल्या डॉक्टरांच्या परिषदेत ठरलेला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांवर झालेल्या अभ्यासात चार-साडेचार हजार पावलांपासूनच फरक दिसला आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला. तुम्ही लिहिलंय की सहा हजार झाली की "आज पण फेल" असं वाटतं. मग दुसऱ्या दिवशी उठावंसं वाटेल कशाला? ते पावलं मोजणारं घड्याळ महिनाभर कपाटात टाका. वजनकाटाही. चालण्याने वजन फार उतरत नाही, ते जेवणाने उतरतं, आणि आपल्याकडे शेवभाजीवर तर्री किती तरंगते ते तुम्हाला मी काय सांगू! काट्याकडे बघून चालणारी बाई दीड महिन्यात बसते, हे मी अनेकींचं बघितलंय.

"२१ दिवसांत सवय लागते" हेही वरच्या प्रतिक्रियांत कोणीतरी तुम्हाला सांगितलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं होतं. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ तर कोणाला हिशेबाने २५४. एखादा दिवस चुकला तर विशेष बिघडत नाही असंही त्यात दिसलं. तेव्हा लग्नसराईत, कानबाईच्या रोटाच्या वेळी (श्रावणातला आमचा खानदेशी सण), शाळेच्या परीक्षांत चार दिवस बुडाले तर "सुटलं" म्हणू नका. बुडाले, एवढंच.

आता आवडीचं. हे लोक शेवटी लिहितात, माझ्या मते आधी लिहायला हवं. मला मशीनवर चालायला अजिबात आवडत नाही. बाजारात पायी जाऊन भरताची वांगी निवडून आणायला आवडतं. रिक्षाने जाऊन तीच वांगी आणली तर मजा निम्मी. रविवारी मेहरूण तलावावर चक्कर मारायला आवडते, कारण तिथे ओळखीचे भेटतात. आमच्याकडची माणसं चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जातात, मुक्ताईनगरहून पालखीबरोबर थेट पंढरपूर गाठतात. त्यांना कोणी मोटिव्हेशनचे व्हिडिओ दाखवतं का? जायचं ठिकाण असतं आणि बरोबर माणसं असतात. एरवी जिना चढताना दम लागतो म्हणणाऱ्या माझ्या वहिनी कानबाईच्या विसर्जनात दोन तास फुगड्या घालतात. तुम्हाला काय करताना वेळेचं भान राहत नाही ते शोधा, आणि ते पायांवर होईल असं बघा. फोनवर बहिणीशी तासभर बोलता असं लिहिलंय ना? मग ते बसून कशाला? फक्त रस्त्यावर नको, गच्चीवर.

मात्र नुसतं चालणं पुरत नाही, हे मला उशिरा कळलं. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काहीतरी हवं. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकवून दंड, पाच लिटरचा तेलाचा डबा धरून हात वर. पहिल्या वेळेला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. स्नायूंचं ते दुखणं दोन-तीन दिवसांत जातं. गुडघ्यात किंवा छातीत दुखलं तर मात्र थांबा आणि दाखवा.

आता तुमच्या सासूबाईंचं तुम्ही लिहिलेलं वाक्य: "घरमा काय काम कमी शे का?" (घरात काय काम कमी आहे का?) माझ्याही सासूबाई पारोळ्याकडच्या, हेच वाक्य, हाच सूर. त्यांच्याशी वाद घालू नका, त्या अर्ध्या बरोबर आहेत. घरकाम हालचालीत धरलं जातं. फरशी जोरात पुसताना दम लागतो, तो व्यायामच. पण त्यांच्या वेळचं घरकाम म्हणजे विहिरीचं पाणी, जातं, शेतात निंदणी. आपलं म्हणजे मिक्सर आणि गॅस. मी सासूबाईंना रात्री बरोबर न्यायला लागले. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत, मग देवळापर्यंत. आता मी टाळलं तर त्याच चप्पल घालून दारात उभ्या असतात. तुमच्या सासूबाईंचे गुडघे चालण्याजोगे नसतील तर हा उपाय सोडा.

काही सुटे मुद्दे. पावसाळ्यात काळ्या मातीतून चालू नका, पायाला चिखलाचे गोळे लागतात आणि घसरून कंबर धरते. डांबरी रस्ता किंवा घरातच बारा मिनिटं जागच्या जागी. पहाटे कुत्र्यांचा त्रास असेल तर पळू नका, काठी जवळ ठेवा, आणि चावलंच तर हळद-चुना लावत बसू नका. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून सरकारी दवाखाना, लस तिथे मिळते. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहानंतर बाहेरचा व्यायाम बंद, मग कोणी कितीही शूरपणाचे स्टेटस टाकोत.

तुमच्या मैदानाचा अर्ज मात्र टाकाच. व्यायाम त्यावर अवलंबून ठेवू नका, पण टाका, आणि जानेवारीतच टाका. मार्चमध्ये टाकलात तर उत्तर पावसाळ्यात येईल. सोबत चालणाऱ्या आठ-दहा जणींच्या सह्या घ्या. एकटीच्या अर्जाला टेबलावरून टेबलावर फिरवणं सोपं जातं. मजकूर लागला तर व्यक्तिगत निरोप करा, माझा अर्ज जपून ठेवलाय, नावं खोडून पाठवते.

राहिली जिमची फी. पावतीमागे बारीक अक्षरात अटी असतात त्या वाचा. काही ठिकाणी उरलेले महिने घरातल्या दुसऱ्याच्या नावावर करून देतात, तुमच्या मिस्टरांना विचारा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, तक्रार मराठीतही घेतात. बोलताना पावती समोर ठेवा, भरल्याची तारीख ते सगळ्यात आधी विचारतात.