‘कुजणारं’ प्लास्टिक की ‘पचणारं’?

आमच्या इंदूरच्याच एका ताईंनी विचारलं आहे: ‘सांडपाणी आणि बायोडिग्रेडेबल प्लास्टिक यांपासून बायोगॅस कसा करतात, यावर शाळेतल्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहायचं आहे. त्यात “कुजणारं प्लास्टिक” आणि “गाद” हे शब्द चालतील का?’

ताई, ‘गाद’ आपल्या कानांना हिंदीमुळे सवयीचा आहे, पण मराठीत ‘गाळ’ लिहा. नदी-तळ्याच्या गाळाशी गल्लत नको म्हणून आधी ‘सांडपाण्याचा गाळ’ म्हणा, पुढे नुसता ‘गाळ’ पुरे.

‘कुजणारं’ मात्र मला पटत नाही. कुजणं म्हटलं की खताचा खड्डा डोळ्यांसमोर येतो, आणि त्यात हवा खेळती असते. बायोगॅसच्या टाकीत हवेला मज्जाव. तिथले सूक्ष्मजीव आधी मोठ्या रेणूंचे तुकडे पाडतात, तुकड्यांची आम्लं होतात आणि शेवटी त्यातून मिथेन व कार्बन डायऑक्साइड निघतो. याला ‘पाचन’ हाच शब्द हवा. परिभाषेतलं ‘अवायुजीवी पाचन’ मुलांना जड जाईल; ‘हवेविना पाचन’ लिहा.

हा फरक नुसता शब्दाचा नाही. जे कुजतं ते टाकीत पचेलच असं नसतं. पीएलए हे मक्यासारख्या पिकांच्या साखरेपासून होणारं प्लास्टिक. कारखान्यातल्या खताच्या ढिगात, 58 अंशांच्या आसपास, ते मोडतं. पण गाळाच्या बहुतेक टाक्या 35 ते 37 अंशांवर चालतात आणि तिथे ते फार सावकाश पचतं. 55 अंशांच्या टाकीत बरं, किंवा आधी उष्णता वा अल्कली देऊन मऊ करून घेतलं तर. याउलट पीएचबी हे दुसरं प्लास्टिक जीवाणूच स्वतःच्या पेशीत साठवून ठेवतात, त्यामुळे ते 37 अंशांनाही चांगलं पचतं. घरच्या खताच्या डब्यात मी ‘कम्पोस्टेबल’ छापलेली हिरवी पिशवी टाकून पाहिली आहे: मेथीच्या काड्या काळ्या पडून विरघळल्या, पिशवीची गाठ जशीच्या तशी राहिली.

म्हणून ‘बायोडिग्रेडेबल’साठी ‘जैवविघटनशील’पेक्षा मला ‘जैवविघटनक्षम’ आवडतो. ‘शील’ म्हणजे स्वभाव, तो कुठेही टिकतो. ‘क्षम’ म्हणजे अंगी ताकद आहे, पण ऊब, ओल, योग्य जीवाणू मिळाले तरच. ‘शील’वाला शब्द जास्त रुळला आहे हे खरं, तरी मुलांना पहिल्यापासून नेमका शब्द मिळावा.

गाळ आणि प्लास्टिक एकत्र का, हेही टिपणात यायला हवं. गाळात नायट्रोजन भरपूर असतो, कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण बहुधा दहास एकच्याही आत. जीवाणूंना मानवतं वीस ते तीसास एक. या दोन्ही प्लास्टिकांत नायट्रोजन नसतोच, कार्बन मात्र खूप. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. याला ‘सहपाचन’ म्हणा.

इंदूरमधल्या देवगुराडियाच्या बायोगॅस प्रकल्पाचं उदाहरण द्याल, तर जपून. 2022 मध्ये सुरू झाला तेव्हा या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन ओला कचरा आणि त्यातून सुमारे 17,000 किलो बायो-सीएनजी, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस, अशी होती. तिथे घराघरांतला ओला कचरा जातो, म्हणून ‘गाळ’ शब्द तिथे नको. आणि हिंदीच्या ओघात ‘कचरा सडवून’ असं लिहू नका. मराठीत सडणं म्हणजे नासणं. इथे कचरा ‘पचवतात’.