डबीवरचा एसपीएफ आणि चेहऱ्यावरची पावडर

प्रश्न : माझ्या मिनरल फाउंडेशनच्या, म्हणजे खनिजांच्या रंगीत पावडरीच्या, डबीवर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) २५ लिहिलं आहे. मग सनस्क्रीन वेगळं लावायला हवं का?

उत्तर : हो, हवंच. एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम इतका थर दिलेला असतो. चेहरा साधारण ५०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर एका वेळेला १ ग्रॅम पावडर झाली. या हिशेबाने ८ ग्रॅमची डबी आठवड्याभरात रिकामी व्हायला हवी. ती दोन-तीन महिने पुरत असेल, तर छापलेल्या आकड्याचा अगदी थोडाच भाग चेहऱ्यापर्यंत पोचतो आहे.

पावडरीतले झिंक ऑक्साइड आणि टिटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण खरोखर अडवतात, त्यामुळे तिचा थोडा फायदा होतोच. पण तो वरचा थर समजा. आधी मॉइश्चरायझर, ते मुरलं की तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा सनस्क्रीन चेहरा आणि मानेला, मग १५ मिनिटं थांबून पावडर. ही १५ मिनिटं गाळली की पावडर ओल्या थरात अडकते आणि चट्टे पडतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी सनस्क्रीनच पुन्हा लावायचं. पावडरीचा हात फिरवल्याने फक्त तेलकट चमक जाते.

प्रश्न : दोन्ही गालांवर वांग आहे. झाकायला गेलं की तो भाग राखाडी दिसतो.

उत्तर : टिटॅनियम डायऑक्साइड पांढरंशुभ्र असतं. शेडमध्ये पिवळा आणि लाल रंग कमी पडला की गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर त्याची राख दिसते. शेड मनगटावर तपासू नका. जबड्याच्या कडेला लावून दहा मिनिटांनी दिवसाच्या उजेडात बघा.

राखाडी छटा घालवायला डागावर आधी पीच किंवा नारिंगी करेक्टर (डागाचा रंग दबवणारं रंगीत क्रीम) बोटाने थोपटून लावा, अगदी पातळ. त्यावर लहान, चपट्या ब्रशने पावडर दाबून बसवायची, घासायची नाही. घासलं की खालचा नारिंगी थर सरकतो आणि कडा उघड्या पडतात. उरलेल्या चेहऱ्यावर नेहमीचा हलका थर पुरे.

वांग असलेल्यांनी घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड जरूर शोधावं. फाउंडेशनला रंग त्यानेच येतो. डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः निळा भाग, वांग गडद करतो, आणि रंगहीन सनस्क्रीन तो नीटसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड अडवतं. पण इथेही थराचा हिशेब तोच, म्हणून खाली आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन लावणं सगळ्यात उत्तम. डाग नुसता झाकण्यापेक्षा तो वाढू न देणं महत्त्वाचं आहे.

प्रश्न : मुरमांचे खड्डे पावडरीने उलट जास्त दिसतात, आणि दुपारपर्यंत रंगही गडद होतो.

उत्तर : खड्डा ही सावली आहे, ती रंगाने भरून निघत नाही. त्यात पावडरीत अभ्रक जास्त असेल तर खड्ड्याची कड चकाकते आणि तो आणखी उठून दिसतो. मॅट पावडर घ्या आणि कमी वापरा. झाकणात चिमूटभर पावडर, त्यात दाट केसांचा कबुकी ब्रश गोल फिरवायचा, पावडर केसांच्या आत गेली की ब्रशचा दांडा टेबलावर हलकेच ठोकायचा. मग गालापासून बाहेरच्या बाजूला लहान लहान वर्तुळं. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या. जाड थर खड्ड्यांत साचतो आणि तासाभरात पांढुरके ठिपके दिसू लागतात.

रंग गडद होतो तो त्वचेच्या तेलामुळे. कोरड्या कणांमधली हवेची जागा तेल घेतं, प्रकाश कमी विखुरतो आणि तीच पावडर गडद दिसते. कोरडी माती भिजल्यावर दिसते तशी. त्यावर आणखी पावडर टाकू नका. आधी टिपकागदाने तेल टिपून घ्या. चेहरा फार तेलकट असेल तर अर्धी शेड फिकट घ्या.

प्रश्न : ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या मिनरल पावडरीनेही खाज सुटते.

उत्तर : यादीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड आहे का ते बघा. मोत्यासारखी चकाकी देणारा हा घटक काही जणांना टोचतो, घाम आला की जास्तच. तो नसलेली पावडर आधी कानामागे सलग चार-पाच दिवस लावून पाहा. ब्रशही तपासा: आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुऊन, केस खाली ठेवून वाळवायचा, म्हणजे पाणी दांड्यात शिरत नाही. नवी पावडर, धुतलेला ब्रश, तरीही खाज किंवा पुरळ राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दम्याचा त्रास असेल तर सुटी पावडर नकोच. ती नाकातोंडात जाते. दाबून बसवलेली वडी किंवा क्रीम घ्या.